डॉ. कमलाबाई सोहोनी

आपल्या खानदेशांत असें घर क्वचितच सांपडेल कीं जेथें डाळ शिजत नाहीं. कळण्याच्या भाकरींत उडीद, वरणांत तूर, आजाऱ्याच्या पथ्याला मूग. या नित्याच्या कडधान्यांत कोणतीं द्रव्यें आहेत याचा शोध ज्या विदुषीनें घेतला, त्या डॉ. कमलाबाई सोहोनी यांचें चरित्र आमच्या मुलामुलींनीं अवश्य जाणावें.

कमलाबाई या माहेरच्या भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. त्यांचे वडील व चुलते दोघेही बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. तोच मार्ग धरण्याचा मुलीचा निश्चय होता. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. पदवी उत्तम प्रकारें संपादून त्यांनीं त्याच संस्थेकडे अर्ज केला. जगद्विख्यात शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन हे तेव्हां तेथील संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनीं तो नाकारला. कमलाबाई स्वतः त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या व त्यांनीं न्याय मागितला. अखेर प्रवेश मिळाला, पण एक वर्ष केवळ परीक्षेदाखल! हा अपमान त्यांच्या मनाला फार लागला. तथापि त्याचें उत्तर त्यांनीं कामानेंच दिलें. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. रामन यांचें समाधान झालें व संस्थेचीं दारें इतर मुलींनाही उघडलीं.

पुढें केंब्रिज येथें बटाट्यावर संशोधन करीत असतां, वनस्पतींच्या श्वसनक्रियेंत सायटोक्रोम सी या द्रव्याचें कार्य त्यांनीं उजेडांत आणिलें व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. परदेशीं न राहतां त्या मायदेशीं परतल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत प्राध्यापिका असतांना त्यांनीं पुन्हां कडधान्येंच हातीं घेतलीं. आंतड्यांत प्रथिनें पचविणाऱ्या ट्रिप्सिनला अडथळा करणारीं द्रव्यें कच्च्या वालांत असतात. तीं त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळीं केलीं. अशीं द्रव्यें उष्णतेनें बव्हंशीं निष्प्रभ होतात. म्हणून डाळ नीट शिजवावी हा आपल्या आजीचा आग्रह शास्त्रासही मान्य आहे. ताडाच्या नीरेंतील पोषक द्रव्यांवरील कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचें पारितोषिक लाभलें. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिनींनो, अन्यायापुढें मान न तुकवितां, पण मनांत कडवटपणाही न ठेवितां, कमलाबाईंनीं आपली विद्या गरिबाच्या ताटापर्यंत नेली. आणि पालकहो, शिकण्याची हौस असलेली मुलगी आपल्याही घरीं असेल. तिचा मार्ग निदान आपण तरी अडवूं नये.