परळचे सेन डॉक्टर

हृदयरोपण म्हटलं की दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड आठवतात. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव असायचं, आपण ते पाठही केलेलं असतं. पण बर्नार्ड यांच्या त्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत आपल्या मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात, एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं गेलं होतं. तारीख होती १६ फेब्रुवारी १९६८. जगातलं ते सहावं मानवी हृदयरोपण, आणि असं धाडस करणारे जगातले चौथे सर्जन होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. वैद्यकीय जगात त्यांचं नाव आजही मानानं घेतलं जातं. आपल्या घराघरांत मात्र ते तितकंसं पोचलं नाही, याची मला नेहमी चुटपूट लागते.

सेन बंगाली. जन्म १९१५ चा. पण त्यांची कर्मभूमी मुंबईच. शिक्षण सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममधलं, आणि पुढे सगळी हयात त्याच आवारात गेली. ही संस्था १९२०च्या दशकात सुरू झाली तीच मुळी भारतीय डॉक्टरांनी चालवायची या अटीवर. साहेबाच्या राज्यात मोठ्या जागा साहेबालाच मिळायच्या, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. महापालिकेचं रुग्णालय, म्हणजे येणारा रुग्ण गिरणीतला, खेड्यातला, कोकणातून बोटीनं आलेला. अशा ठिकाणी हृदयाची शस्त्रक्रिया उभी करायची म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

हृदयाला हात लावायचा नाही, असाच सर्जन मंडळींचा तोवरचा दंडक होता. दुसरं महायुद्ध संपलं आणि चित्र पालटलं. भूल देण्याचं शास्त्र सुधारलं, रक्तपेढ्या आल्या, आणि पेनिसिलिन आलं. या तिसऱ्या गोष्टीकडे आपलं लक्ष कमी जातं. अलेक्झांडर फ्लेमिंगनं ते १९२८ मध्ये बुरशीत पाहिलं, पण माणसाच्या अंगात टोचायला १९४१ साल उजाडलं. त्याआधी छाती उघडायची म्हणजे जंतूंना आवतण देण्यासारखंच होतं. शस्त्रक्रिया उत्तम व्हायची आणि आठवड्याभरानं रुग्ण पू होऊन जायचा. आपल्याकडे हे औषध आधी परदेशातून येई. पुण्याजवळ पिंपरीला सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, तेव्हा कुठे आपल्या मातीत पेनिसिलिन बनू लागलं.

सेन १९४९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. तिथे त्यांनी हृदयाची नवी शस्त्रक्रिया जवळून पाहिली. परत आले ते केईएममध्येच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी झडपेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. हा भाग मला जरा सविस्तर सांगायचाय, कारण तो आपल्या बायकांचा आहे.

लहान मुलीचा घसा दुखतो, ताप येतो. आई हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावते, चार दिवसांत बरं वाटतं. पण घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असेल तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, पुन्हा ताप चढतो. हाच संधिवाताचा ताप, डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटिक फीवर. सांधे बरे होतात, हृदयाची झडप मात्र दुखावते. पुन्हा पुन्हा असा ताप आला तर झडपेची पानं एकमेकांना चिकटत जातात आणि तिचं दार अरुंद होतं. मुलगी मोठी होते, लग्न होतं, दिवस राहतात. गरोदरपणात रक्त वाढतं, आणि ते अरुंद दारातून पुढे जात नाही. जिना चढताना धाप लागते, रात्री उशा रचून बसावं लागतं, खोकल्यातून रक्त पडतं. झडपेचा हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. सासरी मात्र पुष्कळदा तिला कामचुकारच ठरवलं जायचं.

त्यावर त्या काळची शस्त्रक्रिया ऐकली तर आज अंगावर काटा येतो. डाव्या बाजूनं छाती उघडायची, हृदय चालूच ठेवायचं, त्याच्या वरच्या कप्प्याला छोटं भोक पाडून सर्जननं आपलं बोट आत घालायचं आणि चिकटलेली झडप बोटानं चाचपून सोडवायची. आतलं काही दिसत नसे, सारी भिस्त बोटावर. हृदय-फुप्फुस यंत्राची गरज नाही, त्यामुळे खर्च कमी, आणि गरीब रुग्णांसाठी ती फार मोलाची ठरली. गरोदर बायकांवरही ती करता येई. घाटकोपरला आमच्या चाळीत एक काकू होत्या, त्यांच्या डाव्या स्तनाखालून पाठीकडे गेलेला लांब व्रण मी लहानपणी पाहिलाय. परळला ऑपरेशन झालं होतं त्यांचं. त्यानंतर त्यांनी दोन मुलं वाढवली, गच्चीवर पापड वाळत घातले, आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला त्या न चुकता दवाखान्यात जायच्या. ऑपरेशन झालं तरी इंजेक्शन कशाला, असं आम्हाला वाटे. उत्तर साधं आहे. बोटानं झडप सुटते, पण घशातला जंतू पुन्हा आला तर ती पुन्हा चिकटायला लागते. म्हणून तो येण्याआधीच त्याची वाट अडवायची. ते इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि झडप फार बिघडली असेल तर कधी चाळिशीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे. आज ही झडप बहुधा मांडीच्या शिरेतून फुगा घालून उघडतात, छाती चिरावी लागत नाही. इंजेक्शन मात्र तेच आहे.

सेन यांचं काम झडपेपुरतं राहिलं नाही. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिच्यावर त्यांनी पुष्कळ काम केलं. तरुण मुलींच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बंद होत जातात, मनगटाची नाडीच लागेनाशी होते, असा एक विचित्र आजार आहे. त्याला ताकायासूचा आजारही म्हणतात. सेन आणि त्यांचे सहकारी किणरे, केळकर, परुळकर यांनी अशा १०१ रुग्णांचा अभ्यास करून त्यावर एक ग्रंथच लिहिला. तरुण बायकांना होणाऱ्या, सहज नजरेआड होणाऱ्या दुखण्याकडे त्यांनी इतकं बारकाईनं पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि सापाची गोष्ट! सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला कप्प्यातल्या रक्तातूनच थेट पोषण मिळतं. मग माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या असतील, तर स्नायूला सुईनं बारीक भोकं पाडून आतलं रक्त स्नायूत शिरवता येईल का? सेन आणि सहकाऱ्यांनी हा विचार १९६५ मध्ये जगापुढे मांडला. पुढे अमेरिकेत हीच भोकं लेझरनं पाडून पाहिली गेली. सेन चित्रंही काढत. सापाचं हृदय पाहून माणसाच्या हृदयाचा विचार करायला चित्रकाराचीच नजर लागत असेल, असं आपलं मला वाटतं.

हृदयरोपणाचा ध्यास त्यांना आधीपासून होता. रशियात देमिखोव नावाचे शास्त्रज्ञ कुत्र्यांवर रोपणाचे प्रयोग करत होते, ते सेन यांनी जाऊन पाहिले. मग केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. ३ डिसेंबर १९६७ ला बर्नार्ड यांची बातमी आली तेव्हा परळची मंडळी तयारीतच होती.

पण बर्नार्ड यांच्या त्या पहिल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे पाठ करताना आपल्याला कुणी सांगत नाही. हृदय नीट चाललं होतं. तो गेला अठराव्या दिवशी, न्यूमोनियानं. शरीर परकं हृदय झिडकारतं, ते झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात, आणि प्रतिकारशक्ती दाबली की जंतूंना मोकळं रान. इकडे आड तिकडे विहीर अशी ही गत. त्या काळी हाताशी होती ती अॅझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड. ती सरसकट सगळीच प्रतिकारशक्ती दाबत.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी एक विशीची तरुणी रेल्वेगाडीतून पडून डोक्याला जबर मार लागून केईएममध्ये आली होती. ती वाचणार नव्हती. दुसरीकडे हृदयाचा स्नायूच निकामी झालेला एक तरुण शेवटच्या घटका मोजत होता. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस गेला, असं सांगणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता. एका घरावर आभाळ कोसळलेलं असताना त्यांच्याकडे त्यांच्या लेकीचं हृदय मागायचं, हे शस्त्रक्रियेपेक्षा सोपं नसणार. मुंबईच्या लोकलनं किती घरांतल्या लेकीसुना नेल्या, तिचं हृदय मात्र देशाच्या इतिहासात गेलं.

हृदय बसवलं, ते धडधडू लागलं. पण रुग्ण तीनेक तासच जगला. त्याच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला होता आणि नव्या हृदयाला तो ओढा झेपला नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये सेन यांनी दुसरं रोपण केलं. तो रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर सेन थांबले. त्या एका वर्षात जगभरात शंभराच्या आसपास हृदयरोपणं झाली, बहुतेक रुग्ण दगावले, आणि बहुतेक ठिकाणी हे काम बंदच पडलं. सेन यांचं थांबणं मला धाडसापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, अमेरिकेत सायक्लोस्पोरिन या औषधाला मान्यता मिळाली. प्रतिकारशक्ती सरसकट न मारता नेमकी आवरणारं हे औषध, आणि तेही मातीतल्या एका बुरशीतूनच मिळालेलं, पेनिसिलिनसारखं. त्यानं रोपणाला पुन्हा जीव दिला.

आता थोडं आजच्याबद्दल, कारण बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशनला घरातलं माणूस नेण्याची वेळ आता छोट्या गावातल्या घरांवरही येते. पुष्कळ जणींना वाटतं, ऑपरेशननंतर जितके दिवस अँटिबायोटिक, तितकं चांगलं. तसं नाही. १९६१ मध्ये जॉन बर्क या सर्जननं गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं, की जंतू शिरण्याआधी औषध रक्तात असेल तर त्याचा खरा उपयोग. तीनेक तास उशीर झाला की ते दिलं काय आणि न दिलं काय. म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेत सेफाझोलिनसारखं औषध चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून देतात, ऑपरेशन लांबलं तर मध्येच पुन्हा देतात, आणि एक-दोन दिवसांत बंद करतात. त्यापुढे चालू ठेवलं तर फायदा वाढत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. छातीचं हाड कापलेलं असतं, पायाची शीर काढलेली असते. कृत्रिम झडप किंवा कापडी नळी बसवली असेल तर तिच्यावर चिकटलेल्या जंतूंपर्यंत औषधही नीट पोचत नाही. म्हणून आदल्या दिवशीची औषधी साबणाची आंघोळ, ब्लेडऐवजी मशीननं केस कापणं, नाकातलं मलम, साखरेवर ताबा, याकडे नर्सबाई इतकं लक्ष देतात. भेटायला आलेल्या आत्याबाईंनी टाक्यांवर हात फिरवून पाहू नये, हेही त्यातच आलं.

कृत्रिम झडप असलेल्या माणसानं दात काढण्याआधी दंतवैद्याला तसं सांगावं. हिरडीतले जंतू रक्तात उतरून झडपेवर घर करतात, म्हणून तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. पूर्वी झडपेचा कुठलाही दोष असला तरी हा डोस देत. २००७ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तो मुख्यतः कृत्रिम झडप, आधी झालेला झडपेचा संसर्ग अशा जास्त धोक्याच्या रुग्णांपुरता ठेवला. आपल्याला तो लागतो की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारावं.

सेन यांच्यानंतर देशात अवयवरोपणाचा कायदा व्हायला १९९४ साल उजाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. मुंबईला मात्र आणखी वाट पाहावी लागली. ३ ऑगस्ट २०१५ ला पुण्यातल्या एका मेंदूमृत महिलेचं हृदय विमानानं मुंबईला आलं, पोलिसांनी मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यानं मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोचलं, आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूनं ते बदलापूरच्या एका बावीस वर्षांच्या तरुणाला बसवलं. परळच्या त्या दोन प्रयत्नांनंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईत हृदयरोपण यशस्वी झालं. या वेळीही हृदय एका बाईचंच होतं.