एडिसनचा चुकलेला हिशेब

एकट्याने चित्रपट पाहण्याची सोय ही आजच्या युगाची देणगी नव्हे. फोनोग्राफचा जनक थॉमस अल्वा एडिसन (१८४७–१९३१) याच्या प्रयोगशाळेतील ‘किनेटोस्कोप’ १८९४ मध्ये न्यूयॉर्कला खुला झाला. पेटीच्या झरोक्यातून एका वेळी एकानेच पाहावयाचे! पडद्यावर सर्वांना एकदम दाखविल्यास यंत्रांचा खप घटेल, असा त्याचा हिशेब होता. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पडद्यावर खेळ केला आणि तो हिशेब कोलमडला. पुढील एप्रिलमध्ये इतरांनी बनविलेले प्रक्षेपणयंत्र एडिसनला आपल्या नावाने पुढे आणावे लागले. प्रेक्षकाला चित्राबरोबर शेजारही हवा असतो. ओस पडणाऱ्या चित्रपटगृहांकडे निर्विकारपणे पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.