लायब्ररी जोडणारी ॲडमिरल

प्रोजेक्टच्या दिवसांत होस्टेलच्या कुठल्याही रूमवर हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "लायब्ररी ॲड केलीस का?" एक ओळ लिहायची, बटण दाबायचं, की दुसऱ्या कुणी लिहिलेला कोड आपल्या प्रोग्रॅमला येऊन चिकटतो. नाही चिकटला की मग शिव्या! पण ही चिकटवाचिकटवी एके काळी माणसं हाताने करायची. ते काम मशीनच्या गळ्यात घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे ग्रेस हॉपर.

जन्म 9 डिसेंबर 1906, न्यूयॉर्क. लहानपणी गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी ते खोललं. जुळवता येईना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली सात घड्याळं उघडी पडली. पुढे 1934 मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट, वासर कॉलेजात प्राध्यापकी. महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं तर वजन कमी भरलं. खास परवानगी काढून गेल्याच, आणि 1944 मध्ये हार्वर्डच्या मार्क वन या अजस्र यंत्रासमोर दाखल झाल्या.

तिथे साइन, कोसाइन काढणारा एखादा तुकडा नीट चालला की तो वहीत लिहून ठेवायचे आणि एकमेकांच्या वह्या मागून उतरवून घ्यायचे. अगदी आपल्या सबमिशनची आदली रात्र! (1947 मध्ये मार्क टूमध्ये सापडलेल्या पतंगाचा किस्सा इथे कुणीतरी सांगतोच. तो पतंग हॉपरबाईंनी स्वतः शोधलेला नव्हता आणि 'बग' हा शब्दही त्याआधीपासून होता. असो.)

1949 मध्ये त्या फिलाडेल्फियाला एकर्ट-मॉक्ली कंपनीत युनिव्हॅकवर काम करायला गेल्या. इथे उतरवण्याची खरी गोची कळली. प्रत्येक तुकडा शून्य पत्त्यापासून लिहिलेला. तो आपल्या प्रोग्रॅममध्ये मध्येच घातला की आतला प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलायचा. मित्राच्या जर्नलमधला चौथा प्रयोग आपल्याकडे सातवा झाला की आतले सगळे पान नंबर बदलावे लागतात ना, तसंच. माणसं बेरजेत चुकायची, उतरवताना अक्षरंही चुकायची. हॉपरबाईंनी विचार केला, बेरीज आणि नक्कल हेच तर मशीनला चांगलं जमतं!

म्हणून 1951-52 मध्ये ए-झिरो तयार झाला. तपासलेले तुकडे मॅग्नेटिक टेपवर, प्रत्येकाला एक नंबर. प्रोग्रॅमरने फक्त नंबर आणि लागणारी माहिती द्यायची. मशीन टेपवरून तुकडा आणणार, पत्ते बदलणार, जोडणार. एक अडचण होती. पुढे येणाऱ्या तुकड्याकडे उडी मारायची, पण त्याचा पत्ता तर अजून ठरलेलाच नाही. त्यांना कॉलेजातलं बास्केटबॉल आठवलं, चेंडू पुढे पास करणं. मेमरीच्या एका कोपऱ्यात उडी टाकून ठेवायची, आणि तुकडा जागेवर आला की त्या कोपऱ्यातून त्याच्याकडे दुसरी उडी. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

त्यांनी याला कंपायलर म्हटलं, पण आजच्या भाषेत तो लिंकर-लोडरच्या जवळचा. आणि लायब्ररीची कल्पना एकट्या त्यांची नव्हे. इंग्लंडमध्ये केंब्रिजला विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी एडसॅकसाठी कागदी टेपांवर अशीच लायब्ररी उभारली होती आणि 1951 मध्ये त्यावर पुस्तकही काढलं होतं.

गंमत म्हणजे ए-झिरो चालत असूनही बऱ्याच जणांना पटेना. कॉम्प्युटर गणितं करतो, प्रोग्रॅम कसे लिहील, अशी शंका! बाई मागे हटल्या नाहीत. 1953 च्या ए-टूचा कोड तर त्यांनी ग्राहकांना देऊन टाकला आणि सुधारणा केल्या तर परत पाठवा, असं सांगितलं. पुढे त्यांच्या फ्लो-मॅटिकचा मोठा ठसा 1959 मध्ये सुरू झालेल्या कोबोलवर उमटला. त्यात लायब्ररीतला मजकूर प्रोग्रॅममध्ये ओढून घ्यायला 'कॉपी' असा सरळ शब्दच आहे.

1966 मध्ये नौदलाने निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी परत बोलावलं. शेवटी 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून बाहेर पडल्या, आणि लगेच एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या! 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचं निधन झालं.