फ्रेडरिक मायकेल हॅलफर्ड

फ्रेडरिक मायकेल हॅलफर्ड (१३ एप्रिल, १८४४ – ५ मार्च, १९१४) हे गळाने मासे धरण्याच्या कलेवरील ख्यातनाम इंग्लिश ग्रंथकार होते. ‘कोरड्या माशी’ने ट्राउट मासा धरण्याच्या पद्धतीला त्यांनी शास्त्रशुद्ध रूप दिले. ही पद्धत त्यांच्या आधीपासून प्रचलित होती. तिचे नियम मात्र त्यांनी बांधले.

पद्धत

लहानशा गळावर पिसे व रेशमी धागा गुंडाळून कृत्रिम माशी तयार करतात. पृष्ठभागावर येऊन कीटक टिपणारा ट्राउट आधी हेरायचा आणि त्याच्या मागच्या बाजूने, प्रवाहाच्या वरच्या दिशेला ही माशी अलगद टाकायची. ती न बुडता, खऱ्या कीटकासारखी तरंगत माशापर्यंत गेली पाहिजे.

जीवन व लेखन

हॅलफर्ड यांचा जन्म बर्मिंगहॅम येथील सधन ज्यू कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव हायम होते. १८७९ मध्ये विंचेस्टर येथे त्यांची जॉर्ज सेल्विन मॅरिएट यांच्याशी भेट झाली. दोघांनी हॅम्पशायरमधील टेस्ट नदीकाठी कीटकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम’ (१८८६) हा ग्रंथ साकारला. सहलेखक म्हणून नाव देण्यास मॅरिएट यांनी नकार दिल्याने तो एकट्या हॅलफर्ड यांच्या नावे प्रसिद्ध झाला. १८८९ मध्ये त्यांचा दुसरा ग्रंथ प्रकाशित झाला. १८९७ च्या ग्रंथात त्यांनी माश्यांचे १०० नमुने दिले. १९१० मध्ये ते ३३ वर आणले.

मतभेद

हॅलफर्ड यांच्या निरीक्षणांना अनुयायांनी धर्माज्ञेचे स्वरूप दिले. टेस्ट व इचेन या नद्यांवर बुडणारी माशी वापरणे कमीपणाचे मानले जाऊ लागले. उत्तरायुष्यात हॅलफर्डही याच मताचे कट्टर पुरस्कर्ते झाले. परंतु ट्राउटचे बरेचसे भक्ष्य पाण्याखालीच असते. याच आधारावर जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ लिहून बुडत्या माशीचे समर्थन केले. हा वाद हॅलफर्ड यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिला.

मृत्यू व प्रभाव

१९१४ मध्ये परदेशातून समुद्रमार्गे परतताना त्यांचे निधन झाले. पुढे स्क्यूज यांची पद्धतही मान्यता पावली. तरीही, आधी पाण्यावरचा कीटक ओळखावा आणि मगच माशी निवडावी, ही हॅलफर्ड यांनी लावलेली शिस्त दोन्ही पक्षांनी कायम ठेवली.