जॉन मोझेस ब्रन्सविक

जॉन मोझेस ब्रन्सविक (६ ऑक्टोबर, १८१९ – जुलै, १८८६) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अमेरिकन कारागीर व उद्योजक होते. ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे १८४५ मध्ये त्यांनी घोडागाड्या बांधण्याचे दुकान काढले. याच दुकानातून पुढे बिलियर्ड व पूल टेबले बनविणारी अमेरिकेतील सर्वांत मोठी कंपनी उभी राहिली. त्यांच्या हयातीत कंपनीचे नाव वारंवार बदलत गेले. जुन्या पूल टेबलांचा काळ ठरविताना आज हीच नावे सर्वांत उपयोगी पडतात, आणि अपुऱ्या माहितीवर वाचली गेल्यास सर्वांत जास्त फसवितातही.

== पूर्वायुष्य ==
ब्रन्सविक यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील ब्रेमगार्टन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १८३४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते अमेरिकेत आले. न्यू यॉर्कमध्ये काही काळ त्यांनी एका जर्मन खाटकाकडे निरोप्याचे काम केले. त्यानंतर फिलाडेल्फिया येथे त्यांनी गाड्या बांधणाऱ्या कारागिराकडे चार वर्षे उमेदवारी केली. लाकडाची निवड, सांधेजोड, सरस आणि रोगण यांचे जे ज्ञान त्यांना पुढे आयुष्यभर पुरले, ते या चार वर्षांतले होय. हॅरिसबर्ग येथे त्यांचा विवाह झाला व त्यानंतर हे दांपत्य सिनसिनाटीला स्थायिक झाले.

१८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतरचा हा काळ होता. गाड्यांना मागणी उरली नाही, तेव्हा ब्रन्सविक यांनी ओहायो नदीवरील आगबोटीवर कारभाऱ्याची नोकरी पत्करली. याच सुमारास त्यांनी व्यापारातही पैसा मिळविला. काही महिन्यांच्या आजारपणातून उठल्यावर त्यांनी ही शिल्लक स्वतःच्या दुकानात घातली.

== पहिले टेबल ==
गाड्यांचे दुकान सुरू झाल्यावर लवकरच ब्रन्सविक यांनी आपले पहिले बिलियर्ड टेबल तयार केले. एका परिचिताच्या घरी त्यांनी परदेशातून आणलेले एक देखणे टेबल पाहिले व तसेच आपणही करू शकतो असे त्यांना वाटले, अशी कथा कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. कथेचा तपशील काहीही असो, त्यांनी निवडलेली वेळ अचूक होती. टेबलाचा पृष्ठभाग पूर्वी लाकडी फळ्यांचा असे व हवामानाप्रमाणे तो वाकत असे. इंग्लंडमधील जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास त्या जागी स्लेट दगडाची फरशी वापरण्यास सुरुवात केली होती. कडेच्या गाद्यांसाठी, म्हणजे कुशनसाठी, वापरले जाणारे रबर थंडीत कडक होत असे. चार्ल्स गुडइयर यांना गंधकाने रबर पक्के करण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळाले आणि ती अडचणही दूर होण्याच्या मार्गाला लागली. टेबल बनविण्यात यापुढे उरले होते ते मुख्यतः उत्तम सुतारकाम, आणि ते ब्रन्सविक यांच्या हातात होते.

== भाऊ, प्रतिस्पर्धी आणि बदलती नावे ==
१८४८ मध्ये ब्रन्सविक यांनी सावत्र भावांना शिकागोला पाठवून तेथे विक्रीची व्यवस्था केली. रेल्वेमुळे वेगाने वाढत गेलेल्या या शहराने कंपनीचे पुढचे भवितव्य ठरविले. १८५८ मध्ये एका सावत्र भावाच्या भागीदारीत पेढीचे नाव 'जे. एम. ब्रन्सविक अँड ब्रदर' असे झाले. १८६६ मध्ये आणखी एक भाऊ येऊन मिळाला, तेव्हा ते 'जे. एम. ब्रन्सविक अँड ब्रदर्स' असे झाले. नामपट्टिकेवरील या एका अक्षराचा फरक टेबलाचे वय काही वर्षांनी मागेपुढे करू शकतो.

या काळात अमेरिकेतील टेबलांच्या धंद्यात तीन मोठी नावे होती. ब्रन्सविक आणि ज्युलियस बाल्के हे दोघे सिनसिनाटीचेच. बाल्के यांचा कारखाना 'ग्रेट वेस्टर्न बिलियर्ड मॅन्युफॅक्टरी' या नावाने चालत असे. तिसरी पेढी न्यू यॉर्कची 'फेलन अँड कॉलेंडर' ही होती. आयर्लंडमध्ये जन्मलेले मायकेल फेलन हे नामांकित खेळाडू होते व कुशनची पेटंटे हे त्यांच्या पेढीचे मोठे बळ होते. ह्यू कॉलेंडर हे त्यांचे जावई. फेलन १८७१ मध्ये वारले.

किमतीच्या स्पर्धेत एकमेकांना झिजविण्यापेक्षा एकत्र येणे ब्रन्सविक यांनी पसंत केले. १८७३ मध्ये बाल्के यांच्याशी एकत्रीकरण होऊन 'जे. एम. ब्रन्सविक अँड बाल्के कंपनी' स्थापन झाली. पुढे कॉलेंडर यांचा उद्योगही सामील झाला आणि १८८४ मध्ये 'ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर कंपनी' हे नाव आले.

== टेबलांची ओळख व कालनिश्चिती ==
वरील क्रम लक्षात घेतल्यास नामपट्टिकेवरून टेबलाचा काळ बऱ्याच अंशी ठरतो. 'ब्रदर' असे एकवचन असल्यास १८५८ ते १८६६ आणि फक्त 'ब्रन्सविक अँड बाल्के' असल्यास १८७३ नंतरचे सुमारे दशक असे अनुमान करता येते. मात्र पट्टिका निघते आणि दुसऱ्या टेबलावर बसविताही येते, म्हणून तिचा पुरावा लाकूड व दगडाशी ताडून पाहावा लागतो. स्लेटचे तुकडे, कडेचे रूळ आणि सांगाड्याचे भाग यांवर कारखान्यात अंक ठोकलेले असत. सर्व भागांवर एकच अंक असेल तर ते भाग मुळात एकाच टेबलाचे आहेत, असे कळते. हा अंक जुळणीसाठी आहे. त्यावरून निर्मितीचे वर्ष थेट काढता येत नाही.

पट्टिकेवर कोरलेल्या पेटंटांच्या तारखांचा अर्थही असाच मर्यादित आहे. टेबल त्या तारखेपूर्वीचे नाही, एवढेच त्यांतून सिद्ध होते. तेच पेटंट पुढे अनेक वर्षे छापले जात असल्याने टेबल त्याच वर्षीचे आहे, असे मानणे चुकीचे ठरते. 'मोनार्क' हा शब्द तर हमखास गोंधळ उडवितो. ओतीव लोखंडाचे सिंहाच्या आकाराचे पाय असलेले ब्रन्सविक यांचे एक भपकेदार टेबल या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु कंपनीच्या कुशनलाही 'मोनार्क' हेच नाव होते व ते असंख्य साध्या टेबलांच्या कडेवर आढळते. तेथे तो शब्द फक्त कुशनविषयी सांगतो.

खिशांची संख्याही तपासावी लागते. १८७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत मोठ्या, चार खिशांच्या टेबलावर चार चेंडूंचा खेळ अधिक खेळला जाई. नंतर खिसे नसलेले कॅरम बिलियर्ड्स आणि सहा खिशांचे पूल यांचे वर्चस्व वाढले. पूल लोकप्रिय झाल्यावर कॅरमच्या अनेक टेबलांना कापून खिसे पाडण्यात आले. अशा टेबलात सांगाडा जुना पण रूळ नवे असतात. बाजारात अखंड जुने टेबल म्हणून त्याची किंमत लावली जाते, ती मात्र योग्य नसते.

== मृत्यू व नंतरचा काळ ==
जुलै १८८६ मध्ये ब्रन्सविक यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कॉलेंडर अध्यक्ष झाले व १८९० मध्ये तेही वारल्यावर सूत्रे ब्रन्सविक यांचे जावई मोझेस बेन्सिंगर यांच्याकडे आली. बेन्सिंगर यांनी मद्यगृहांचे नक्षीदार लाकडी फर्निचर आणि बोलिंगचे साहित्य यांकडे उद्योगाचा विस्तार केला व त्यांच्या वंशजांनी अनेक दशके कंपनी चालविली.

'ब्रन्सविक-बाल्के-कॉलेंडर' हे नाव १९६० पर्यंत, म्हणजे ७६ वर्षे टिकले. त्या वर्षी कंपनी 'ब्रन्सविक कॉर्पोरेशन' झाली. या ७६ वर्षांपैकी संस्थापक जेमतेम दोन वर्षे हयात होते. त्यामुळे ही तिहेरी नावाची पट्टिका असलेली बहुतेक टेबले ब्रन्सविक यांच्या मृत्यूनंतरची आहेत आणि त्यांचे दशक ठरविण्यासाठी पायांचा घाट, व्हिनिअरचे लाकूड व कंपनीच्या जुन्या सचित्र सूचीपत्रकांशी तुलना हाच मार्ग उरतो.