बेटाचा पाळणा लांबवणारा डॉक्टर

मॉरिशसमधील बेल रिव्ह या खेड्यात १८ सप्टेंबर १९०० रोजी शिवसागर रामगुलाम यांचा जन्म झाला. वडील बिहारमधून उसाच्या मळ्यावर आलेले गिरमिटिये. मुलगा सात वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे गोठ्यातल्या अपघाताने मुलाचा एक डोळा गेला. तरीही तो शिकला, १९२१ मध्ये लंडनला गेला आणि १९३५ मध्ये डॉक्टर होऊन परतला.

तेव्हा बेटावर हिवतापाचे थैमान होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली आणि मरणारी माणसे जगू लागली. ही आनंदाचीच गोष्ट. पण जन्मांचे प्रमाण घटले नाही. १९५२ च्या जनगणनेत पाच लाखांची असलेली वस्ती दहा वर्षांत पावणेसात लाखांवर गेली. उसाखेरीज दुसरा आधार नाही, एवढी तोंडे खाणार काय?

१९६१ मध्ये रामगुलाम मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ब्रिटिश तज्ज्ञ रिचर्ड टिटमस यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने कुटुंबनियोजनाची सेवा सरकारने द्यावी असे सुचवले. पण संततिनियमनाला हात घालणे म्हणजे जमातीजमातींच्या संख्येला हात घालणे. कॅथलिक चर्चचा विरोध होता, इतर धर्मीयांतही कुरकुर होती. सरकार काही वर्षे बिचकले.

मार्ग निघाला तो समजुतीचा. १९५७ पासून काम करणाऱ्या कुटुंबनियोजन संघटनेला सरकारने अनुदान दिले, आणि फक्त नैसर्गिक पद्धत शिकवणाऱ्या, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक संस्थेलाही. ज्या बाईला जे पटेल ते तिने निवडावे. भोजपुरी बोलणाऱ्या, क्रिओल बोलणाऱ्या, कोकणातून गेलेल्या मराठी घरांतल्या बायकांनाही हीच मुभा. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, रामगुलाम पंतप्रधान झाले. पुढे कुटुंबनियोजनाची केंद्रे सरकारी आरोग्यसेवेत सामावली गेली.

साठच्या दशकारंभी स्त्रीमागे सरासरी सहा मुले होत. सत्तरच्या दशकाच्या मध्यास ती तीनच्या आसपास आली. श्रेय एकट्या दवाखान्यांचे नाही. मुली शिकू लागल्या, लग्ने उशिरा होऊ लागली.

रामगुलाम यांचे सारेच सोज्ज्वळ नव्हते. १९७१ मध्ये त्यांनी आणीबाणी लादली. लांबलेल्या निवडणुका १९७६ मध्ये झाल्या. त्याच वर्षी आपल्याकडे नसबंदीची सक्ती चालली होती. त्यांनी मात्र आणीबाणीतही घराच्या उंबऱ्याआत सक्ती नेली नाही.

१९८२ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवले. पुढे गव्हर्नर जनरल असताना १५ डिसेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. आज त्या देशाला चिंता आहे ती कमी जन्मांची. पण पाळणा कधी हलवायचा, हे तिथे अजूनही घरातच ठरते.