एडा लव्हलेस व तिचे गुरुजन

हल्लीं संगणकाचा विषय शिकवितांना कित्येक शाळांतून प्रत्येक विद्यार्थ्यास एखादी आज्ञावली स्वतंत्रपणें रचावयास सांगतात. शिक्षकानें किती सांगावें आणि कोठें थांबावें, हा त्यांतील खरा अवघड भाग होय. ज्या विदुषीचें चरित्र येथें देत आहों, तिनें असेंच एक काम संगणक अस्तित्वांत येण्याच्या सुमारें शंभर वर्षें आधीं केलें.

एडाचा जन्म लंडन शहरीं १० डिसेंबर १८१५ रोजीं झाला. सुप्रसिद्ध इंग्रज कवि लॉर्ड बायरन हा तिचा पिता. ती महिन्याची असतांनाच आईबापांची ताटातूट झाली. पित्याचें दर्शन तिला पुन्हां घडलें नाहीं. बापाचा लहरी स्वभाव मुलींत उतरूं नये म्हणून आईनें तिला गणिताच्या शिस्तींत वाढविलें. पण मुलगी कल्पक ती कल्पकच राहिली! बाराव्या वर्षीं आकाशांत उडण्याची युक्ति शोधण्यासाठीं ती पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करूं लागली. पुढें गोवराच्या दुखण्यानें पाय लुळे पडून कुबड्या घ्याव्या लागल्या, तरी अभ्यास सुटला नाहीं.

१८३३ सालीं तिची चार्ल्स बॅबेज ह्यांच्याशीं ओळख झाली. त्यांच्या गणनयंत्राचा तयार झालेला भाग पाहून ती मोहून गेली. मेरी सॉमरव्हिल ह्या विदुषीनें तिच्या गणिताच्या अभ्यासास उत्तेजन दिलें. लग्न होऊन मुलेंबाळें झाल्यावर, १८४० पासून, ती ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांजकडून पत्रद्वारें उच्च गणित शिकूं लागली. (हे गृहस्थ आपल्याच देशांत, मदुरेस जन्मले होते.) एडास पुढें धांवण्याची फार घाई; आणि बीजगणितांतील एखाद्या साध्या पायरीवर ती अडखळे. डी मॉर्गन अडलेली जागा दाखवून देत व तिला मागील पायरी पक्की करावयास लावीत.

१८४२ सालीं मेनाब्रेया नांवाच्या इटालियन एंजिनियरानें बॅबेज ह्यांच्या दुसऱ्या, अधिक थोर यंत्राविषयीं फ्रेंच भाषेंत निबंध लिहिला. एडानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें पाहून, तिनें स्वतःच निबंध कां लिहिला नाहीं असें बॅबेज ह्यांनीं विचारलें, आणि निदान टिपा तरी जोडाव्या असें सुचविलें. त्या टिपा मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या! शेवटच्या टिपेंत बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढवाव्या ह्याचें कोष्टक आहे: कोणती क्रिया, कोणत्या संख्यांवर, आणि उत्तर कोठें ठेवावयाचें, हें ओळीनें मांडलें आहे. तिचे श्रम वांचावे म्हणून बॅबेज ह्यांनीं त्यांतील बीजगणित स्वतः करून पाठविलें. तिनें त्यांत मोठी चूक काढली व तें परत धाडलें. ही गोष्ट खुद्द बॅबेज ह्यांनींच आत्मवृत्तांत नमूद केली आहे, हें त्यांस भूषणावह होय.

कोष्टकांत तिचा वांटा किती, ह्याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. तशा कांहीं आज्ञावल्या बॅबेज ह्यांनीं पूर्वींच रचून ठेविल्या होत्या. छापील कोष्टकांत एके ठिकाणीं भागाकार उलटाहि पडला आहे. परंतु संख्यांखेरीज संगीताच्या सुरांसारख्या वस्तूंवरहि असें यंत्र क्रिया करूं शकेल, आणि तरीहि आपण होऊन नवें कांहीं निर्माण करणार नाहीं, हा विचार तिचा. आमच्या मतें तोच अधिक मोलाचा.

१८४३ सालीं लेख छापावयास जातांना सरकारावरील आपली तक्रार निनांवी त्यांत घालावी, असा बॅबेज ह्यांनीं आग्रह धरिला. तिनें तो मानला नाहीं. कांहीं दिवस वितुष्ट आलें, पण स्नेह तुटला नाहीं.

उत्तरायुष्यांत घोड्यांच्या शर्यतींच्या नादानें ती कर्जांत बुडाली, आणि कर्करोगानें २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं छत्तिसाव्या वर्षीं वारली. बायरनहि त्याच वयांत निवर्तला होता. तिच्या इच्छेप्रमाणें हकनॉल येथील देवळांत, पित्याच्या शेजारीं तिला पुरलें. बॅबेज १८७१ पर्यंत जगले. परंतु ज्या यंत्रासाठीं तें कोष्टक मांडलें होतें, तें त्यांच्या हातून पुरें झालें नाहीं.